कपाट उघडलं की काय काय बाहेर येतं: घर आवरण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

घरात जास्त वेळ जाऊ लागला की एरवी संध्याकाळपुरता दिसणारा पसारा दिवसभर समोर राहतो. या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये हीच तक्रार आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुकीच्या पद्धतीने ठेवल्यामुळे चांगल्या वस्तू वाया गेल्याचं अनेक पत्रांतून दिसलं.

प्रश्न: दर सुट्टीला कपाट उपसते. संध्याकाळी पलंगावर ढीग, अंगात त्राण नाही आणि शेवटी सगळं पुन्हा आत कोंबलेलं. सुरुवात नेमकी कुठून करावी?

कपाटापासून करू नका. कपडे, कागद आणि फोटो यांबद्दल निर्णय घेणं सगळ्यांत जड जातं, आणि बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात. आधी न्हाणीघरातली फळी, चपलांचं कपाट, स्वयंपाकघरातला एखादा खण घ्या. रिकामी शाम्पूची बाटली किंवा तुटलेली चप्पल टाकताना मन अडत नाही. हात बसला की मग कपडे, त्यानंतर पुस्तकं आणि भांडी, पुढे कागद आणि सगळ्यांत शेवटी फोटो.

दुसरी चूक आवाक्याची आहे. एका वेळी एकच खण घ्या आणि २० मिनिटांचा गजर लावा. जेवढं २० मिनिटांत परत जागेवर जाईल तेवढंच बाहेर काढायचं. खण पूर्ण रिकामा करा, तळ पुसा आणि वस्तूंचे चार गट करा: इथेच राहणार, दुसऱ्या खोलीत जाणार, कुणाला तरी देणार, टाकणार. यातला घात करणारा गट दुसरा. हातात आलेली कात्री जागेवर ठेवायला तुम्ही दुसऱ्या खोलीत जाता, तिथला खण उघडता आणि पहिलं काम अर्धवट राहतं. म्हणून त्या वस्तूंसाठी एक टोपली शेजारी ठेवा. गजर वाजेपर्यंत जागेवरून उठू नका, टोपली घेऊन शेवटी एकच फेरी मारा.

काही वस्तूंबद्दल खरोखरच ठरत नाही. त्यांच्यासाठी बुटांच्या खोक्याएवढा एकच डबा ठेवा. तो भरला की नवी वस्तू आत टाकण्याआधी जुनी एक बाहेर काढून तिचा निकाल लावायचा. ‘देणार’ची पिशवी मात्र त्याच आठवड्यात घराबाहेर गेली पाहिजे. दाराशी महिनाभर पडलेल्या पिशवीतून वस्तू एकेक करून परत घरात येतात.

थांबायचं कधी, हेही कळायला हवं. सलग तीन वस्तूंना ‘राहू दे’ म्हटलंत की समजा, डोकं थकलं आहे. त्यापुढचे सगळे निर्णय ‘राहू दे’च होतात. तिथे हात थांबवा.

प्रश्न: वापरत नाही हे माहीत असूनही वस्तू टाकवत नाही. ‘कधीतरी लागेल’ असं वाटत राहतं. याला काही उपाय?

हा स्वभावदोष समजू नका, जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. डॅनियल काहनमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत मागितली, ती मग नसलेले द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मग तोच, पण ‘माझा’ झाल्याबरोबर महाग झाला. म्हणून वस्तू हातात घेऊन ‘टाकू का?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ‘नको’ असंच येतं. प्रश्न बदला. ‘ही आज माझ्याकडे नसती तर विकत आणली असती का?’ असं विचारा. शक्यतो वस्तू दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः फक्त उत्तर द्या. हाताचा स्पर्शही ओढ वाढवतो.

तरीही ठरेना, तर तारखेचा खोका करा. वस्तू आत ठेवा, खोका चिकटपट्टीने बंद करा आणि वर आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख ठसठशीत लिहा. आतल्या वस्तूंची यादी खोक्यावर चिकटवू नका, ती वहीत ठेवा. गरज पडली तर वहीत बघून वस्तू काढता येते, आणि यादी रोज डोळ्यांसमोर नसल्याने मोह होत नाही. तारीख आली आणि चिकटपट्टी तशीच असली तर खोका न उघडता देऊन टाका. उघडलात की पहिल्यापासून सुरुवात. ऋतूनुसार लागणाऱ्या वस्तूंना मात्र सहा महिने पुरत नाहीत, त्यांना वर्ष द्या. महत्त्वाची कागदपत्रं आणि दुसऱ्या कुणाच्या वस्तू या खोक्यात कधीच जाऊ नयेत.

प्रश्न: मोठ्या हौसेने एकसारखे चौदा डबे आणले. पसारा आता डब्यांत आहे, एवढाच फरक.

डबे सगळ्यांत शेवटी घ्यायचे असतात. वस्तू कमी करून उरलेल्या एकत्र लावल्या की किती आणि केवढे डबे लागतील ते दिसतं. मग कप्प्याची रुंदी, खोली आणि उंची तिन्ही मापं घ्या. दाराच्या बिजागरीमुळे आतली रुंदी दोन-तीन सेंटीमीटरनी कमी भरते, म्हणून माप बिजागरीपाशी घ्या. उंचीत हात घालण्यापुरती चार-पाच सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर डबा दरवेळी पूर्ण बाहेर ओढावा लागतो. रोज लागणाऱ्या वस्तूंच्या डब्याला झाकण नसावं. झाकण उघडणं, वर ठेवलेला दुसरा डबा उचलणं अशी एकेक पायरी वाढली की वस्तू डब्याबाहेरच राहू लागते. आणलेले डबे परत देता येत नसतील तर ते वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी वापरा. दिसणाऱ्या बाजूवर आत काय आहे ते लिहा, झाकणावर नको, कारण झाकणावर दुसरा डबा बसतो.

प्रश्न: कपाटाला कुबट वास येतो. चामड्याच्या पट्ट्यावर आणि बॅगेवर पांढरी बुरशी आली, आणि लोकरीच्या स्वेटरला भोकं पडली. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, तरी असं का?

हे दोन वेगळे त्रास आहेत. वास आणि बुरशी दमटपणाची, भोकं कसरीची.

आधी दमटपणा. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं. घरात माणसं जास्त वेळ असली की श्वास, अंघोळ, स्वयंपाक यांतून हवेत जास्त पाणी जातं. खोलीतच कपडे वाळत घातले तर यंत्रात पिळलेल्या एका घाण्यातूनही साधारण दोन लिटर पाणी हवेत मिसळतं. ही दमट हवा बाहेरच्या थंड भिंतीला टेकलेल्या कपाटामागे जाते आणि तिथे पाणी धरतं. म्हणून कपाट शक्यतो आतल्या भिंतीला लावा. बाहेरच्या भिंतीलाच लावायचं असेल तर मागे निदान ५ ते ८ सेंटीमीटर जागा सोडा. कपडे ठासून भरू नका. हात सहज सरकेल एवढी सैल जागा दोन हँगरांमध्ये असावी. बाहेर कोरडी हवा असेल त्या दिवशी कपाटाची दारं तासभर उघडी ठेवा. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र कपाटात ठेवलं तर अंदाजाने काम करावं लागत नाही.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. उघड्या-बंद होणाऱ्या कपाटात त्या दोन-चार दिवसांत भरून जातात आणि मग नुसत्या पडून राहतात. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र त्या चांगलं काम करतात. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे भरलेले ओळखता येतात. निळ्यापेक्षा नारिंगी दाणे घ्यावेत, कारण निळ्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. भरलेले सुटे दाणे ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवले की पुन्हा वापरता येतात. कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पुडीसकट मात्र ते ओव्हनमध्ये घालू नका.

बुरशी आलेली वस्तू घरात झटकू नका, बीजाणू खोलीभर पसरतात. तोंडाला मास्क लावून, बाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा. चामडं अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन, त्यात जेमतेम ओलावलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. आधी आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहा, रंग उतरू शकतो. चामड्याची वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं हे बुरशीला आमंत्रण आहे. तिला सुती पिशवी हवी.

आता कसर. भोकं पाडते ती उडणारी पाकोळी नव्हे, तिची अळी. लोकर, रेशीम, पिसं आणि फर हे तिचं खाद्य. घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेल्या जागी ती आधी लागते, म्हणून एकदा जरी घातलेला स्वेटर असला तरी धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवायचा. कसर लागलेला कपडा पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजचा साधा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच ठेवा, नाहीतर हवेतलं पाणी गार कपड्यावर जमतं. कपाटाच्या फटी आणि कोपरे व्हॅक्यूमने साफ करून व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर टाका. हे राहिलं तर अंडी तिथेच राहतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा भोकं दिसतात.

डांबरगोळ्या का चालल्या नाहीत? त्यांची वाफ दाट साठली तरच किडे मरतात, आणि ती हवाबंद पेटीतच साठते. कपाटातून वाफ निसटून तुमच्या खोलीत येते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या माणसांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, डांबरगोळ्यांतल्या नॅप्थालीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो. बाळाचे कपडे आणि पांघरुणं यांजवळ या गोळ्या नकोतच. नॅप्थालीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन अशा दोन प्रकारच्या गोळ्याही एकत्र ठेवू नका. मिसळल्या की त्या वितळतात आणि कपड्यावर डाग पडतात.

जाता जाता एवढंच: विणलेला स्वेटर हँगरवर लटकवला की स्वतःच्या वजनाने लांबतो, तो घडी करून ठेवावा. पिसांच्या रजया हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांत महिनोन् महिने दाबून ठेवल्या तर पिसांचा फुगीरपणा जातो.

प्रश्न: पुस्तकांची फळी मध्ये वाकली आहे. उलटी करून लावू का?

उलटी केलीत तर काही महिने सरळ दिसेल आणि मग दुसऱ्या बाजूला वाकेल. कारण समजून घ्या. पुस्तकांचं वजन फळीच्या दर मीटर लांबीला सहज २५ ते ३० किलो भरतं, जाड फायली असतील तर आणखी. असं सारखं पसरलेलं वजन असताना फळीचा बाक तिच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दुप्पट झालं तर बाक सोळापट. उलट बाजूने पाहा: ९० सेंटीमीटरचं अंतर ६० वर आणलं तर बाक जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सगळ्यांत स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे मधोमध एक उभा आधार.

आधार नको असेल तर जाडी वाढवा. १८ मिलिमीटरऐवजी २५ ची फळी घेतली तर ताठरपणा सुमारे अडीच पटीहून जास्त होतो. किंवा फळीच्या पुढच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची भरीव लाकडी पट्टी उभी करून स्क्रू आणि सरसाने बसवा. पार्टिकल बोर्ड वजनाखाली हळूहळू वाकतच जातो आणि एकदा घेतलेला बाक सोडत नाही. त्याच जाडीचं प्लायवूड बरंच चांगलं टिकतं. १८ मिलिमीटर पार्टिकल बोर्डवर पुस्तकं ठेवायची तर आधारांमधलं अंतर ६० सेंटीमीटरच्या पुढे नेऊ नका.

जड पुस्तकं खाली आणि हलकी वर. उंच कपाट भिंतीला पक्कं करा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. मूल खण उघडून पायरीसारखं चढतं आणि कपाट अंगावर येतं. वरच्या बाजूला कपाटाच्या भरीव चौकटीत दोन एल-पट्ट्या बसवा आणि भिंतीत योग्य मापाची गिट्टी (वॉल प्लग) घालून स्क्रू कसा. कपाटाची पाठ पातळ पत्र्यासारख्या फळीची असते, तिच्यात स्क्रू मारला तर तो ओढल्याबरोबर निघून येतो. ही चूक फार घरांत दिसते.

प्रश्न: वायरी, जुने चार्जर, बंद फोन, सुट्या बॅटऱ्या यांनी एक अख्खा खण भरला आहे. कुठली वायर कशाची हेच कळत नाही.

हा खण घरातला सर्वांत धोक्याचा असू शकतो, म्हणून आधी बॅटऱ्या वेगळ्या करा. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. किल्ली, नाणं किंवा भांडी घासायची तारेची घासणी दोन्ही टोकांना एकदम लागली तर आग लागू शकते. अशा प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. घड्याळातल्या बटणासारख्या बॅटऱ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवा. मुलाने गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

रिमोट, खेळणी, टॉर्च यांतल्या अल्कलाइन बॅटऱ्या वापर नसताना काढून ठेवा. त्या गळतात आणि पांढरा खरखरीत थर धरतो. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून तयार होतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर घेऊन बॅटरीच्या कप्प्यातली धातूची पट्टी पुसा, मग साध्या पाण्याच्या जेमतेम ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या. गळती लवकर सापडली असेल तर वस्तू बहुधा पुन्हा चालू होते.

फोन किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात लवकरात लवकर द्या. कुठलीही बॅटरी घरच्या कचऱ्यात नको. चांगला फोन राखीव ठेवायचा असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद करा आणि दर सहा महिन्यांनी बघा. शून्यावर ठेवलेली लिथियम बॅटरी कायमची निकामी होऊ शकते.

आता वायरी. सगळ्या टेबलावर पसरा आणि टोकाच्या आकाराने लावा. एका प्रकारच्या दोन चांगल्या ठेवा, बाकीच्या द्या. वेटोळं सैल करून, टोकाजवळ कागदी चिकटपट्टीची ध्वजासारखी चिठ्ठी लावा: कशाची, कोणत्या वर्षी आणलेली. गोल टोकाच्या जुन्या चार्जरचं खरं नाव त्याच्या पाठीवर असतं. तिथे आउटपुट म्हणून व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. उपकरणाला लागणारे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि अधिक-उणे खुणांचं छोटं चित्र जुळलं पाहिजे. टोक बसतं म्हणून जास्त व्होल्टचा चार्जर लावला की उपकरण जळतं. ज्या चार्जरचं उपकरणच घरात नाही, तो ठेवण्यात अर्थ नाही.

फोन देण्याआधी त्यातल्या खात्यांमधून बाहेर पडा आणि मगच तो मूळ स्थितीत आणा. हा क्रम उलटा झाला तर नव्या माणसाकडे फोन कुलूपबंद राहतो. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरून नुसत्या फाइल पुसल्याने माहिती जात नाही, ती पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून पुसावी लागते.

प्रश्न: कागद आणि जुने फोटो स्कॅन करून मोकळं व्हायचं आहे. स्कॅन केलं की मूळ प्रती टाकाव्यात का?

सगळ्या नाही. आधी कागदांचे तीन ढीग करा. पहिल्यात मूळ प्रतच लागते असे: मालमत्तेचे, जन्म-मृत्यू-विवाहाचे, शिक्षणाचे, सही-शिक्क्याचे कागद. हे स्कॅन करूनही जपायचे. दुसऱ्यात काही वर्षं लागणारे: कर, विमा, हमी. तिसऱ्यात माहिती कळली की संपले असे, आणि बहुतेक घरांत हाच ढीग सर्वांत मोठा निघतो. नाव, खातेक्रमांक, सही असलेले कागद फाडूनच टाका.

खरेदीच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, त्यांवर शाई नसते. ऊन, ऊब किंवा पीव्हीसीचं पाकीट लागलं की अक्षरं उडतात. हमी दोन वर्षांची आणि पावती सहा महिन्यांत कोरी, असं त्यामुळे होतं. घरी आल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

महत्त्वाच्या मूळ कागदावर लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही, उष्णतेने कागदाला इजा होते आणि शिक्का तपासायचा झाल्यास अडचण येते. टाचण्या गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात. दोन्ही काढून टाका आणि कागद पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा.

कागदांसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरे. छापील फोटोंसाठी ६०० घ्या. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० वर २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा होतो आणि मोठा करूनही छापता येतो. निगेटिव्ह अगदी लहान असते, तिला २४०० किंवा त्याहून जास्त लागतात. जेपीईजी फाइल बदलून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी उतरते. म्हणून ज्या फोटोंवर पुढे काम करायचं आहे ते टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, उदाहरणार्थ ‘१९८७-०५-१२’. मग संगणक आपोआप कालक्रम लावतो. साल माहीत नसेल तर अंदाज लिहा आणि पुढे प्रश्नचिन्हाऐवजी ‘सुमारे’ लिहा, कारण काही संगणक नावात प्रश्नचिन्ह स्वीकारत नाहीत.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, मधून फाटतात. दात साफ करायचा पातळ, मेण नसलेला धागा फोटोखाली घालून करवतीसारखा हलकेच पुढे-मागे सरकवा. निघालाच नाही, तर पानासकट स्कॅन करा. फोटोच्या पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला आणि न दाबता. बॉलपेनचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो.

स्कॅन करूनही फोटो गमावणारे पुष्कळ आहेत, कारण सगळं एकाच डिस्कवर असतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा नेम ठेवा. आणि वर्षातून एकदा त्या तिन्ही उघडून पाहा. हे झाल्याशिवाय एकही मूळ फोटो टाकू नका. डुप्लिकेट, हललेले, ओळख न पटणारी निसर्गदृश्यं खुशाल काढा. ज्यात माणसं आहेत ते घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय नको. नावं सांगणारं माणूस आज आहे, हे लक्षात घ्या.

प्रश्न: एकच टेबल. सकाळी मुलांचा अभ्यास, दिवसभर ऑफिस, रात्री जेवण. दिवसातून तीनदा उचलाउचल.

उचलाउचल टळणार नाही, ती दोन मिनिटांची करता येईल. प्रत्येक माणसाला साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरचा, कडा असलेला एक ट्रे द्या. लॅपटॉप, वही, चार्जर, पेनं सगळं त्यातच. काम संपलं की ट्रे उचलून ठरलेल्या फळीवर. फळी टेबलापासून चार-पाच पावलांत आणि कमरेच्या उंचीवर हवी. दूर असेल तर ट्रे खुर्चीवर राहतो आणि मग कुणी तरी त्यावर बसतं. ट्रेबाहेर काहीही राहिलं तर त्या माणसाकडे वस्तू जास्त आहेत, असं समजा.

वायरींसाठी जोडपट्टी (एक्स्टेंशन बोर्ड) टेबलाखाली स्क्रूने बसवा. ती गुंडाळून ठेवलेली लांब दोरी असू नये, वेटोळ्यात उष्णता साठते. इस्त्री किंवा हीटर तिच्यावर लावू नका. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर इतका वर घ्या की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल. पडदा ५० ते ७० सेंटीमीटर दूर आणि खिडकी बाजूला असावी, समोर किंवा मागे नको. असं केलं की वेगळा कीबोर्ड लागतोच, कारण उंचावलेल्या लॅपटॉपवर टाइप केलं तर खांदे भरून येतात.

प्रश्न: खेळण्यांचं काय करावं? मूल तीन वर्षांचं आहे, खोली रोज भरते.

खेळणी कमी दिसू द्या. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात लहान मुलांपुढे कधी ४, कधी १६ खेळणी ठेवली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. तीन-चार खोके करा, एक बाहेर, बाकी उंचावर, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी बदला. मुलाचं झोपेच्या वेळचं लाडकं खेळणं या फेऱ्यांत घालू नका. खेळणी मांडणं आणि परत भरणं या दोन्हींसाठी बिनझाकणाच्या, उथळ टोपल्या. खोल टोपलीत तळाचं खेळणं मिळवायला मूल सगळंच ओततं.

प्रश्न: वडील काहीच टाकू देत नाहीत. ते बाहेर गेले की गुपचूप काढून टाकावं का?

नाही. त्यांच्या लक्षात येतंच, आणि मग ते आणखी घट्ट धरून बसतात. पुढे मदतीलाही जवळ येऊ देत नाहीत.

साठवण्याची सवय आणि साठवण्याचा आजार यांत फरक आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मार्गदर्शिकेने त्याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिलं. पलंगावर झोपता येत नाही, चूल किंवा न्हाणीघर वापरता येत नाही, दाराची वाट बंद झाली आहे, आणि क्षुल्लक वस्तू टाकायच्या नुसत्या कल्पनेनेही ते अस्वस्थ होतात, अशी स्थिती असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. जबरदस्तीने घर रिकामं केलं तर काही महिन्यांत ते पुन्हा भरतं.

तेवढं नसेल, तर त्यांच्याबरोबर बसा आणि प्रश्न वेगळा विचारा. ‘बाबा, हे टाकू का?’ यापेक्षा ‘या पाच टॉर्चांमधली सगळ्यांत चांगली कोणती?’ असं. निवड त्यांची राहते आणि उरलेल्या चार देणं सोपं जातं. वस्तू कुणाला जाणार हे आधी ठरलेलं असेल तर हात मोकळा होतो. ‘कुणाला तरी देऊ’ पेक्षा नाव घेऊन ‘त्याच्या मुलाला लागेल’ हे त्यांना पटतं. एका बैठकीला अर्धा तास पुरे. पहिल्या बैठकीत पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीघरापर्यंतची सुमारे ९० सेंटीमीटर रुंद वाट मोकळी करा, चुलीभोवतीचं कागद-कापड हलवा आणि गालिचा किंवा वायर पायात येत असेल तर काढा. पडण्याचा आणि आगीचा धोका यातूनच असतो, आणि सुरक्षेचं कारण त्यांनाही मान्य होतं.

प्रश्न: जुन्या औषधांचा डबा न्हाणीघरात आहे, तिथेच राहू द्यावा का?

नको. वाफेमुळे गोळ्या लवकर खराब होतात. उंचावर, कोरड्या आणि कुलूप लागेल अशा कप्प्यात ठेवा, औषध मूळ पाकिटातच राहू द्या आणि वर्षातून दोनदा तारखा पाहा. मुदत संपलेली औषधं औषधविक्रेत्याकडे परत घेतली जात असतील तर तिथे द्या. जात नसतील आणि पत्रकात वेगळी सूचना नसेल, तर गोळ्या मातीत किंवा वापरलेल्या चहा-कॉफीच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीतून कचऱ्यात टाका. दम्याचा फवारा कधीही टोचू किंवा जाळू नका, त्यात दाबाखालचा वायू असतो.